पहिले अवजार : सोल्डरिंग आयर्नची निवड

(नाशिक येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचे नाव फार पूर्वीपासून घेतले जाते. जुन्या नाशकातील तांबट लेन आजही त्या परंपरेची साक्ष देते, आणि १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही या व्यवसायाची दखल घेतलेली आढळते. या भांड्यांबरोबर आणखी एक कारागीर घरोघरी परिचयाचा झाला. तो म्हणजे कल्हईवाला. आजच्या व्याख्यानाचा विषय विजेवर चालणाऱ्या एका लहानशा अवजाराचा आहे. परंतु त्याची सुरुवात कल्हईवाल्यापासून करणे सोयीचे होईल, कारण या विषयातील मूळ तत्त्व त्याने आपल्या डोळ्यांपुढे अनेकदा करून दाखविलेले आहे.

कल्हईवाला प्रथम भांडे घासून लख्ख करतो. नंतर भाता चालवून कोळसे फुलवितो व भांडे त्यावर फिरवून तापवितो. भांडे पुरेसे तापले की त्यात नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि मग कथलाची कांडी भांड्याला टेकवून कापसाच्या बोळ्याने ते कथील झरझर पसरवितो. येथे लक्षात घेण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. पहिली ही की, तो कथील तापवीत नाही. भांडे तापवितो, आणि भांड्याच्या उष्णतेने कथील वितळते. दुसरी गोष्ट अशी की, भांडे स्वच्छ नसेल तर कथील त्याला धरत नाही. नवसागराचे कार्य हेच आहे. तापलेल्या पृष्ठभागावरील मळ व गंज तो काढून टाकतो. तिसरी गोष्ट उष्णतेच्या प्रमाणाची. आच कमी पडली तर कथलाच्या गुठळ्या होतात. आच फार झाली तर ते काळवंडते.

इलेक्ट्रॉनिक्समधील सोल्डरिंग ही याच क्रियेची सूक्ष्म आवृत्ती होय. भांड्याच्या जागी सर्किटाच्या पट्टीवरील तांब्याचा ठिपका आणि त्यातून वर आलेला सुट्या भागाचा पाय असतो. कथलाच्या जागी कथील आणि अन्य धातू यांच्या मिश्रणाची बारीक तार असते. तिला सोल्डर म्हणतात. नवसागराच्या जागी त्या तारेच्या पोटातच राळ भरलेली असते. हा झाला फ्लक्स. आणि कोळशाच्या भट्टीच्या जागी पेन्सिलीसारखे हातात धरावयाचे, टोकाशी तापणारे एक अवजार असते. त्यालाच सोल्डरिंग आयर्न म्हणतात. पत्र्याच्या डब्याला डाक लावणारे कारागीर पूर्वी तांब्याचा जड ठोकळा शेगडीत तापवून हेच काम करीत. विजेवर तापणारी आयर्न विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत प्रचारात आली. जर्मनीत अर्न्स्ट झाक्स यांनी १९२१ साली अशा आयर्नचे उत्पादन सुरू केले, आणि त्यांच्या नावावरून ओळखली जाणारी एर्सा ही संस्था आजही त्याच क्षेत्रात आहे.

हा विषय येथे का?

सोल्डरिंग आयर्न कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटेल. तथापि शाळा व ग्रामपंचायती यांच्याशी त्याचा संबंध आता फार जवळचा झाला आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची सुरुवात २०१६ साली झाली. त्याखाली इयत्ता ६ वी ते १२ वीच्या विद्यार्थ्यांसाठी देशात १० हजारांहून अधिक शाळांमध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असून, निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. शासकीय शाळांमध्ये पाच वर्षांत आणखी ५० हजार प्रयोगशाळा स्थापन करण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही इयत्ता ६ वीपासून हस्तव्यवसायांची प्रत्यक्ष ओळख करून देण्यावर भर दिला आहे.

नाशिक जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर या कौशल्याची गरज शाळेच्या भिंतींपुरती मर्यादित नाही. निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांत ठिबक सिंचनाची वेळ ठरविणारे नियंत्रक, पंपाचे स्वयंचलित स्टार्टर, हवामानाची नोंद घेणारी उपकरणे दिसतात. बाजार समितीत व दुकानांत वजनकाटे इलेक्ट्रॉनिक झाले आहेत. गावातील पथदिवे, पाणीपुरवठ्याचे पॅनेल, शाळेतील पंखा व संगणक या सर्वांच्या पोटात सर्किटाच्या पट्ट्या आहेत. यांपैकी एखादे उपकरण बंद पडते तेव्हा दर वेळी एखादा महागडा भागच जळालेला असतो असे नाही. कित्येकदा एखादा सोल्डरचा जोड सैल सुटलेला असतो. कारागीर त्यास ‘ड्राय जॉइंट’ म्हणतात. ऐन छाटणीच्या वा फवारणीच्या दिवसांत अशा एका जोडापायी शेतकऱ्याचा पंप अडून राहतो. तो जोड गावातच, घटकाभरात, दुरुस्त करणारा तरुण असणे व नसणे यांत मोठा फरक आहे. सातपूर-अंबडचे कारखाने, ओझरचा विमान कारखाना, औद्योगिक प्रशिक्षण संस्था हे सर्व त्याच्या पुढच्या वाटेवर आहेत. परंतु त्या वाटेवरचे त्याचे पहिले पाऊल शाळेतील त्या लहानशा आयर्नपाशी पडते.

दोष कोणाचा?

या संदर्भात एक अनुभव अनेक शिक्षक सांगतात. प्रयोगशाळेत नवी आयर्न येतात. मुले उत्साहाने कामाला लागतात. सोल्डर वितळतच नाही, किंवा वितळले तरी गोळा होऊन आयर्नच्याच टोकाला चिकटते आणि जोडावर बसत नाही. मुलगी आयर्न दाबून धरते. दहा सेकंद जातात, वीस जातात, आणि शेवटी पट्टीवरील तांब्याचा ठिपका उखडून येतो. शिक्षक म्हणतात, “हात हलका ठेव.” ती आणखी घाबरते. चार दिवसांनी ती दुसऱ्या गटाची नोंदवही लिहीत बसलेली दिसते, आणि आयर्न दुसऱ्या कोणाच्या हातात असते.

येथे मुलीच्या हाताचा दोष असेलच असे नाही. थोडा हिशेब केला तर वेगळेच चित्र दिसते. साध्या आयर्नमध्ये तापणारी तार असते आणि तिची शक्ती विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २५ वॉट देणारे आयर्न दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला की जेमतेम १५ वॉट देते. म्हणजे विजेचा दाब सुमारे एकपंचमांशाने घटला, तरी उष्णता सुमारे दोनपंचमांशाने घटली. उलट रात्री दाब २५० व्होल्टवर गेला तर तेच आयर्न २९ वॉटच्या वर जाते आणि टोक जाळू लागते. शहरातील सुस्थिर विजेवर जे आयर्न ठीक चालते, तेच कृषिपंप सुरू असलेल्या वेळी खेड्यातील शाळेत निरुपयोगी ठरू शकते. मुलीला दोष लागतो. दोष मात्र असतो विजेच्या दाबाचा आणि त्या दाबाला जुमानणाऱ्या अवजाराचा.

आजच्या व्याख्यानाचे सार याच एका गोष्टीत आहे. शिकणाऱ्याच्या हाती द्यावयाचे अवजार कुशल कारागिराच्या अवजारापेक्षा हलक्या प्रतीचे असून चालत नाही. उलट ते अधिक चांगले असावयास हवे. कसलेला कारागीर वाईट आयर्ननेही काम निभावून नेतो, कारण त्याला त्याच्या खोडी ठाऊक असतात. नवशिक्या मुलाला अवजाराची खोड आणि स्वतःची चूक यांतील भेद कळत नाही. तो दोन्ही आपल्याच नावावर मांडतो.

वॉट आणि तापमान

खरेदी करताना पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती वॉटचे?’ हा. प्रश्न योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर पुरेसे नाही. वॉट म्हणजे आयर्नचे तापमान नव्हे. उष्णता किती वेगाने पुरविली जाते त्याचे ते माप होय.

भाकरीच्या तव्याचे उदाहरण घेता येईल. पातळ पत्र्याचा तवा चटकन तापतो, पण त्यावर भाकरी टाकताच निवतो. जाड लोखंडी तवा सावकाश तापतो, परंतु भाकरी टाकली तरी आपली उष्णता टिकवून धरतो, आणि खालचा जाळ पुरेसा असेल तर गेलेली उष्णता लगेच भरून काढतो. सोल्डरिंगमध्येही टोक जोडाला टेकताच त्यातील उष्णता तांब्यात शिरू लागते. बारीक पाय असेल तर थोडी उष्णता लागते. जाड तार किंवा तांब्याचा रुंद पट्टा असेल तर पुष्कळ लागते. पातळ टोकाचे, कमी वॉटचे आयर्न अशा वेळी निवते आणि जोड अर्धवट राहतो.

साधारणतः सर्किटाच्या पट्टीवरील लहान भागांसाठी २५ वॉटचे साधे आयर्न चालते. जाड तारा, स्विच, बॅटरीची टोके यांसाठी ४० ते ६० वॉटचे लागते. मात्र साध्या आयर्नला तापमानाचे बंधन नसते. मिळणारी उष्णता आणि हवेत निघून जाणारी उष्णता सारखी होईपर्यंत ते तापतच राहते. म्हणून ६० वॉटचे साधे आयर्न नुसते स्टँडवर ठेवले तरी त्याचे टोक वाजवीपेक्षा फार तापते, टोकावरील सोल्डर काळे पडते, राळ क्षणात जळून जाते आणि नाजूक पट्टी खराब होते.

या दोन्ही अडचणींवर उपाय म्हणजे तापमान-नियंत्रित आयर्न. त्याच्या टोकाजवळ तापमान मोजणारा घटक बसविलेला असतो. ठरविलेले तापमान आले की विजेचा पुरवठा कमी होतो. टोक जोडाला टेकून निवू लागले की पुरवठा पुन्हा वाढतो. अशा आयर्नला ६० वॉट किंवा त्याहून अधिक शक्ती असली तरी धोका नाही, कारण ती शक्ती गरजेपुरतीच वापरली जाते. भाकरी टाकताच जाळ पुढे सारणारी आणि तवा तापताच तो मागे ओढणारी अनुभवी गृहिणी जे करते, तेच काम येथे एक लहान सर्किट करते. दाब कमी-जास्त झाला तरी बऱ्याच अंशी ते स्वतःला सांभाळून घेते. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या अॅडाप्टरवरील, तसेच टाइप-सी चार्जरवरील आयर्नही आता मिळू लागली आहेत. त्यांत विद्यार्थ्याच्या हातापर्यंत कमी दाबाचीच वीज येते, हा अधिक लाभ होय. मात्र अॅडाप्टर चांगल्या प्रतीचा व पुरेशा वॉटचा असला पाहिजे.

टोकाचे महत्त्व

आयर्नच्या पुढील टोकास बाजारात ‘बिट’ म्हणतात. विकत घेणारा हँडलचा रंग पाहतो, खोक्यावरील आकडे पाहतो. बिट क्वचितच पाहतो. वस्तुतः काम करते ते बिट.

नवशिक्यांना सुईसारखे टोकदार बिट आवडते, कारण ते बारीक कामाचे वाटते. प्रत्यक्षात सुईचे अग्र जोडाला जेमतेम एका बिंदूवर टेकते आणि उष्णता पुढे जातच नाही. सुमारे २ मिलिमीटर रुंदीचे, छिन्नीसारखे चपटे बिट शिकणाऱ्यास कितीतरी अधिक उपयोगी पडते. त्याची चपटी बाजू एकाच वेळी तांब्याच्या ठिपक्याला व भागाच्या पायाला टेकते. दोन-तीन सेकंदांत दोन्ही तापतात. मग दुसऱ्या बाजूने सोल्डरची तार लावली की ती आपोआप वितळून पायाभोवती पसरते. सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून जोडावर थापणे ही चुकीची रीत होय. कल्हईवाला कथील भट्टीत वितळवून भांड्यावर ओतीत नाही, हे येथे आठवावे.

बिटाची घडणही तपासावी. जुनी बिटे निव्वळ तांब्याची असत. वितळलेल्या कथलात तांबे हळूहळू विरघळते, त्यामुळे त्यांना खड्डे पडत आणि कारागीर कानशीने घासून त्यांना आकार देत. आजच्या चांगल्या बिटावर तांब्यावरून लोखंडाचा पातळ थर चढविलेला असतो आणि तो दीर्घकाळ टिकतो. अशा बिटावर कानस किंवा पॉलिश कागद एकदाही चालविता कामा नये. थर गेला की बिट गेले. जुन्या सवयीने केलेल्या या एका चुकीमुळे नवी बिटे आठवडाभरात निकामी होतात. बिट ओल्या स्पंजावर किंवा पितळी तारांच्या चोथ्यावर पुसावे आणि काम संपवून आयर्न बंद करण्यापूर्वी टोकावर थोडे ताजे सोल्डर ठेवावे. ही बिटाची कल्हईच होय. तिच्यामुळे टोक हवेशी संबंध येऊन गंजत नाही.

त्याचबरोबर त्या मापाची सुटी बिटे नाशिकच्या बाजारात सहज मिळतात किंवा नाही, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. बिट न मिळणारे उत्तम आयर्न हे दुसऱ्या वर्षी कपाटात पडून राहणारे आयर्न ठरते.

दुकानातच करावयाची परीक्षा

आयर्न चांगले की वाईट हे ओळखण्यास फार मोठी साधने लागत नाहीत. एक साधा मल्टिमीटर पुरतो. प्लग सॉकेटमध्ये न घालता आणि आयर्न थंड असताना ही परीक्षा करावयाची आहे.

प्रथम प्लगच्या जाड पिनेला, म्हणजे अर्थिंगच्या पिनेला, मीटरचे एक टोक लावावे आणि दुसरे बिटाला. अवरोध अगदी थोडा, फार तर काही ओहम, दिसला पाहिजे. तो न दिसल्यास आयर्नचे टोक जमिनीशी जोडलेले नाही असे समजावे. अशा आयर्नच्या आत बिघाड झाला तर वीज टोकावर येऊ शकते. दोन पिनांची साधी आयर्न स्वस्त पडतात, परंतु शाळेसाठी तीन पिनांचेच आयर्न घ्यावे आणि ज्या सॉकेटात ते लावावयाचे त्याचे अर्थिंगही विद्युत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. प्रयोगशाळेच्या फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे इष्ट होय.

दुसरी परीक्षा जाड पीन आणि उरलेल्या दोन पिना यांमधील. येथे मीटरने कोणताही मार्ग दाखविता कामा नये.

तिसरी परीक्षा साध्या आयर्नच्या वॉटची. उरलेल्या दोन पिनांमधील अवरोध मोजावा. २३० व्होल्टवरील २५ वॉटच्या आयर्नचा अवरोध सुमारे २,१०० ओहम येतो आणि ६० वॉटच्या आयर्नचा सुमारे ८८० ओहम. थोडाफार फरक चालेल. परंतु खोक्यावर ६० वॉट छापले आहे आणि मीटर दोन हजार ओहम दाखवितो, तर छापील आकड्यावर विश्वास ठेवू नये. नियंत्रित आयर्नना व चिनी मातीच्या तापकांच्या आयर्नना हा हिशेब सरळ लागू पडत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. ही परीक्षा इयत्ता ८ वी-९ वीच्या विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतली तर ओहमचा नियम त्यांना पुस्तकापेक्षा अधिक पक्का कळेल.

यानंतर हाताने पाहावयाच्या गोष्टी. वायर लवचीक असावी. सिलिकॉनचे आवरण असेल तर गरम टोक चुकून लागले तरी ते वितळत नाही. हँडल हलके असावे आणि बोटे धरण्याची जागा टोकापासून फार लांब नसावी. लहान हाताला लांब आयर्न आवरत नाही. स्प्रिंगचा जड स्टँड सोबत असलाच पाहिजे. आयर्न टेबलावर नुसते ठेवण्याची सवय लागू देणे म्हणजे भाजण्याला व आगीला आमंत्रण देणे होय.

शिसे, धूर आणि मुले

आता या विषयातील सर्वांत गंभीर बाबीकडे वळू. इलेक्ट्रॉनिक्समध्ये वर्षानुवर्षे वापरले गेलेले सोल्डर कथील व शिसे यांच्या मिश्रणाचे असते. त्यातील ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेले मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. म्हणून ते हाताळण्यास सर्वांत सोपे. परंतु शिसे हा विषारी धातू आहे आणि वाढत्या मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. धोका असतो तो बोटांना लागलेले शिसे तोंडात जाण्याचा. म्हणून काम करताना काही खाऊ नये, सोल्डरची तार दातांत धरू नये आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत, हे नियम अनिवार्य होत.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांत शिशावर निर्बंध लागू केले. भारतातही १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांत शिशासारख्या घातक पदार्थांच्या प्रमाणावर मर्यादा आहे. शाळेत शक्य तेथे शिसेविरहित सोल्डर वापरणे श्रेयस्कर होय. मात्र येथे आयर्नच्या निवडीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कथील, चांदी व तांबे यांचे नेहमीचे शिसेविरहित मिश्रण सुमारे २१७ ते २२० अंशांना वितळते आणि कथील-तांब्याचे मिश्रण २२७ अंशांना. म्हणजे अधिक उष्णता हवी आणि ती नेमकी हवी. शिशाच्या सोल्डरसाठी टोक ३२० ते ३५० अंशांच्या सुमारास ठेवतात, तर शिसेविरहितासाठी ३५० ते ३८० अंशांच्या सुमारास. दुबळ्या आणि अनियंत्रित आयर्नने शिसेविरहित सोल्डर नीट बसत नाही. मुले कंटाळतात आणि शाळा पुन्हा शिशाकडे वळते. आयर्नवर वाचविलेल्या पैशाची किंमत अशा रीतीने मुलांच्या आरोग्यातून भरली जाते. हा सौदा कोणत्याही शाळा समितीने करू नये.

धुराचाही विचार हवा. सोल्डर करताना दिसणारा धूर शिशाचा नसून प्रामुख्याने राळेचा असतो; पण तोही निरुपद्रवी नाही. राळेच्या धुरामुळे कारागिरांना दमा जडल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला ज्ञात आहेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, धूर तोंडापासून दूर ओढणारा लहान पंखा मांडावा आणि डोळ्यांना चष्मा असावा. तापमान वाजवी असले की राळ कमी जळते आणि धूरही कमी होतो. म्हणजे याही बाबतीत चांगले आयर्न उपयोगी पडते.

खरेदीच्या टिपणीत काय लिहावे?

शासकीय वा स्थानिक संस्थेच्या खरेदीत ‘सोल्डरिंग आयर्न, नग १०’ एवढेच लिहिले तर सर्वांत कमी दराचे आयर्न येणार, हे उघड आहे. त्यात पुरवठादाराचा दोष नाही. त्याच्याकडे जे मागितले तेच त्याने दिले. वस्तूचे वर्णन नेमके केले तर कमी दराची स्पर्धा योग्य वस्तूंमध्येच होते. त्यादृष्टीने पुढील बाबी टिपणीत नमूद करता येतील :

(१) तापमान-नियंत्रित, किमान ६० वॉट, तापमान साधारण २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान ठरविता येईल असे.

(२) टोकाशी अर्थिंग जोडलेले. मुख्य विजेवर चालणारे असल्यास तीन पिनांचा प्लग.

(३) लोखंडाचा थर असलेली बिटे. प्रत्येक आयर्नसोबत छिन्नीच्या आकाराची किमान दोन. सुटी बिटे स्वतंत्र दराने उपलब्ध.

(४) उष्णतेने न वितळणारी वायर, स्प्रिंगचा स्टँड, पितळी चोथा वा स्पंज.

(५) माल स्वीकारताना नमुन्यादाखल एका आयर्नने, मध्ये न थांबता, १० जोड करून पाहण्याची अट.

शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. दहावा जोड पहिल्याइतकाच चकचकीत व सफाईदार बसला तर आयर्न घेण्याजोगे. शिसेविरहित सोल्डरचा जोड किंचित निस्तेज दिसतो, तो दोष नव्हे. तो पायाभोवती नीट पसरला आहे किंवा नाही, एवढेच पाहावे.

अशी १० आयर्न एकाच वेळी चालली तरी ६०० वॉट, म्हणजे सुमारे अडीच ते पावणेतीन अँपिअर एवढाच भार पडतो. त्यासाठी वेगळी वायरिंग करण्याची गरज सहसा नसते. तरतूद अपुरी असल्यास १० साध्या आयर्नऐवजी चार नियंत्रित आयर्न घेऊन मुलांचे गट पाडावेत. चार चांगल्या आयर्नपुढे पाळीने बसलेली मुले दहा वाईट आयर्नपुढे एकाच वेळी बसलेल्या मुलांपेक्षा अधिक शिकतील. आणि नियंत्रित आयर्न मुळीच शक्य नसेल, तर अर्थिंग असलेले २५ वॉटचे चांगले साधे आयर्न, चपटे बिट आणि विजेचा दाब पाहण्यासाठी टेबलावर एक मीटर, एवढी तरी व्यवस्था ठेवावी. दाब उतरला असेल तेव्हा त्या दिवशी सोल्डरिंगऐवजी दुसरा पाठ घ्यावा. मुलांना कारणही सांगावे.

समारोप

भारतीय संविधानाच्या कलम ५१-क मध्ये, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून अंतर्भूत करण्यात आले. वैज्ञानिक दृष्टिकोन हा मोठा शब्द आहे. परंतु शाळेच्या टेबलापाशी त्याचा अर्थ अगदी सोपा होतो. जोड बसला नाही तर का बसला नाही, हे शोधावयाचे. पृष्ठभाग स्वच्छ होता का? उष्णता पुरेशी होती का? फ्लक्स जळून गेला का? या प्रश्नांची उत्तरे मिळतात ती अवजार भरवशाचे असेल तरच. अवजारच दर घटकेला बदलत असेल तर मूल कारण शोधीत नाही. ते नशिबाला किंवा स्वतःला दोष देते.

कल्हईवाल्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला भाता चालविण्याचे काम प्रथम मिळे. आच कशी धरावी हे त्याला आधी कळे आणि मग कथलाची कांडी हातात येई. शाळेतील भाता म्हणजे हे आयर्न. ते निवडण्याचा अधिकार मुलांकडे नाही. तो शिक्षक, मुख्याध्यापक, शाळा समिती, ग्रामपंचायत आणि खरेदीच्या कागदावर सही करणारे अधिकारी यांच्याकडे आहे. वर्गातून मागे सरून नोंदवही लिहीत बसलेल्या त्या मुलीच्या हातात आयर्न पुन्हा द्यावयाचे असेल, तर ती सही करण्यापूर्वी मल्टिमीटर हातात घेऊन एकदा त्या जाड पिनेपासून बिटापर्यंत मोजून पाहावे, एवढीच या प्रसंगी विनंती.